लांब पल्ल्याच्या शिकारीची गोळी कशी निवडतात? : खमरियाच्या निमित्ताने प्रक्षेप्यशास्त्राची ओळख

या पाठातून काय शिकायचे?

हा पाठ वाचल्यावर तुम्हाला पुढील गोष्टी सांगता आल्या पाहिजेत.

१. लष्करी गोळी आणि शिकारीची गोळी यांत मूलभूत फरक कोणता.
२. छेदघनता आणि बॅलिस्टिक गुणांक म्हणजे काय, आणि वाऱ्याशी त्यांचा संबंध कसा येतो.
३. नळीचा पीळ आणि गोळीची लांबी यांची सांगड का घालावी लागते.
४. एखाद्या गोळीचा योग्य पल्ला नेमबाजाच्या कौशल्याने ठरतो की गोळीच्या वेगाने.

१. प्रस्तावना

जबलपूर शहरालगतचे खमरिया हे नाव देशात ओळखले जाते ते तिथल्या आयुध निर्माणीमुळे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभा राहिलेला हा कारखाना मध्यम व मोठ्या कॅलिबरचा दारूगोळा आणि विमानातून टाकायचे बॉम्ब तयार करतो. १ ऑक्टोबर २०२१ पासून तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या पुण्यात मुख्यालय असलेल्या सरकारी कंपनीचा भाग आहे. दारूगोळ्याची चाचणी घेणारी लाँग प्रूफ रेंजही खमरियातच आहे. महाराष्ट्रात या कुटुंबातले दोन कारखाने तुम्हाला माहीत असतील: पुण्याजवळचे खडकी आणि जळगाव जिल्ह्यातले वरणगाव. रायफलींसाठी लागणारा लहान शस्त्रांचा दारूगोळा वरणगावात बनतो.

अशा कारखान्याचे उद्दिष्ट एकच असते. लाखो काडतुसे एकसारखी निघाली पाहिजेत आणि हजारो वेगवेगळ्या बंदुकांतून ती बिनचूक चालली पाहिजेत. खास घडवलेल्या गोळीचे उद्दिष्ट याच्या अगदी उलट असते. एक बंदूक, एक प्रकारचा प्राणी आणि एक ठरावीक पल्ला यांना जुळेल अशी गोळी तिथे हवी असते. परदेशात जिथे शिकार कायदेशीर आहे, तिथे लांब पल्ल्याच्या मोठ्या शिकारीसाठी अशा गोळ्या विकत मिळतात आणि त्यांच्या निवडीचे एक शास्त्रच तयार झाले आहे. हे शास्त्र म्हणजे प्रत्यक्षात पदवीच्या पहिल्या वर्षाचे गतिशास्त्र आहे. म्हणूनच ते येथे अभ्यासायचे आहे.

आधी दोन शब्द वेगळे करून घ्या. काडतूस म्हणजे पितळी कोश, त्यातली दारू, बुडाची टोपी आणि गोळी असा संपूर्ण संच. गोळी म्हणजे नळीतून बाहेर पडून लक्ष्यापर्यंत जाणारा धातूचा तुकडा. या पाठात विचार करायचा आहे तो केवळ गोळीचा.

२. भारतातील कायद्याची चौकट

आपल्याकडे हा विषय केवळ अभ्यासाचा आहे, हे आरंभीच स्पष्ट असावे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये संमत झाला आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीवरील बंदी अधिक व्यापक झाली. कलम ९ शिकारीला मनाई करते. माणसाच्या जिवाला धोका निर्माण झाल्यासारख्या अपवादात्मक परिस्थितीत कलम ११ नुसार मुख्य वन्यजीव रक्षकाची परवानगी लागते. शस्त्र अधिनियम १९५९ नुसार दारूगोळा तयार करण्यासही परवाना हवा. त्यामुळे गोळी घडवण्याची कृती या पाठात दिलेली नाही. निवडीमागचे तत्त्व तेवढे दिले आहे.

३. मध्य प्रांतातील एक जुना वाद

गोळीची निवड हा प्रश्न जबलपूरच्या परिसराला नवा नाही. कॅप्टन जेम्स फॉर्सिथ हा अधिकारी १८६० च्या दशकात मध्य प्रांतात नोकरीला होता. पचमढीला त्याने बांधलेला बंगला आजही दाखवला जातो. सातपुड्याच्या जंगलांवरचे त्याचे पुस्तक १८७१ मध्ये आले, पण त्याआधीच त्याने शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता.

त्या काळी लांबट, टोकदार गोळी नवी होती आणि लांब पल्ल्यावर ती सरस ठरत होती. तरीही फॉर्सिथने बाजू घेतली ती मोठ्या व्यासाच्या वाटोळ्या शिशाच्या गोळीची. जंगलात जनावर जवळच दिसते आणि अंतर मोजायला वेळ नसतो. अशा वेळी भरपूर दारू आणि सुरुवातीचा मोठा वेग असला की गोळीचा मार्ग जवळच्या अंतरात जवळजवळ सरळ राहतो आणि अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी नेम चुकत नाही, असे त्याचे म्हणणे होते. वाटोळी गोळी चरांवरून घसरू नये म्हणून त्याने नळीला अगदी संथ पीळ सुचवला.

आज ती गोळी कोणी वापरत नाही, पण त्याची विचारपद्धत अजून टिकून आहे. आधी भूमी आणि पल्ला पाहायचा, गोळी त्यानंतर ठरवायची. पल्ला बदलला की उत्तर बदलते. ते का बदलते, हे पुढील भागात आकड्यांनी पाहू.

४. छेदघनता

हवा गोळीला अडवते. हा अवरोध गोळीच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असतो, तर अवरोधाला न जुमानण्याची क्षमता वस्तुमानावर. म्हणून वस्तुमान आणि व्यासाचा वर्ग यांचे गुणोत्तर महत्त्वाचे ठरते. त्यालाच छेदघनता म्हणतात. रूढ पद्धतीत वस्तुमान पौंडात आणि व्यास इंचात घेतात.

*उदाहरण १.* फॉर्सिथच्या काळातील १४ बोअरची गोळी घ्या. १४ बोअर म्हणजे एका पौंडात १४ गोळ्या. तेव्हा एका गोळीचे वस्तुमान १/१४ पौंड, म्हणजे सुमारे ३२.४ ग्रॅम. शिशाच्या घनतेवरून व्यास येतो ०.६९३ इंच. छेदघनता = ०.०७१४ ÷ ०.४८० = ०.१४९.

आता आजची .३०८ इंच व्यासाची, १८० ग्रेनची लांबट गोळी घ्या. ७००० ग्रेन म्हणजे एक पौंड, म्हणून तिचे वस्तुमान ०.०२५७ पौंड, म्हणजे ११.७ ग्रॅम. छेदघनता = ०.०२५७ ÷ ०.०९४९ = ०.२७१.

जुनी गोळी जवळजवळ तिप्पट जड आहे, तरी तिची छेदघनता निम्म्याच्या आसपास भरते. गोलाचे वस्तुमान व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते आणि क्षेत्रफळ वर्गाच्या प्रमाणात. त्यामुळे गोलाची छेदघनता वाढवायला व्यास वाढवण्यावाचून दुसरा मार्ग नसतो. लांबट गोळीत व्यास तोच ठेवून लांबी वाढवता येते.

५. बॅलिस्टिक गुणांक

छेदघनता सारखी असली तरी बोथट आणि निमुळती गोळी हवेतून सारखी जात नाही. म्हणून छेदघनतेला आकारगुणकाने भागतात. येणारी संख्या म्हणजे बॅलिस्टिक गुणांक. आकारगुणक काढताना आपली गोळी एका प्रमाण गोळीशी ताडून पाहिली जाते. ‘जी१’ ही सपाट बुडाची जुनी प्रमाण गोळी आहे. ‘जी७’ ही मागे निमुळत्या होत जाणाऱ्या लांब गोळीची प्रतिनिधी आहे. एकाच गोळीचे हे दोन गुणांक वेगवेगळे येतात. म्हणून एका कंपनीचा जी१ आणि दुसरीचा जी७ यांची तुलना करू नका. लांब पल्ल्यासाठी घडवलेल्या गोळ्यांना जी७ अधिक जुळतो.

गणित सोपे राहावे म्हणून आपण एक साधे प्रतिमान घेऊ. अवरोधगुणक स्थिर मानला, तर अंतराबरोबर वेग घातांकी पद्धतीने घटतो. प्रत्येक गोळीला एक ‘वेगऱ्हास लांबी’ असते. तेवढे अंतर गेल्यावर वेग मूळ वेगाच्या सुमारे ३७ टक्के उरतो. ही लांबी बॅलिस्टिक गुणांकाच्या प्रमाणात असते.

*उदाहरण २.* एकाच नळीतून सुटणाऱ्या दोन गोळ्या घ्या.

गोळी क: ११.७ ग्रॅम, सुरुवातीचा वेग ८२० मी./से., वेगऱ्हास लांबी १२५० मी.
गोळी ख: ८.१ ग्रॅम, सुरुवातीचा वेग ९४० मी./से., वेगऱ्हास लांबी ८०० मी.

| राशी | गोळी क | गोळी ख |
|---|---|---|
| ३०० मी. वर वेग (मी./से.) | ६४५ | ६४६ |
| ५०० मी. वर वेग (मी./से.) | ५५० | ५०३ |
| ५०० मी. जाण्यास वेळ (से.) | ०.७५० | ०.७३९ |
| ५०० मी. वर ऊर्जा (जूल) | सुमारे १७७० | सुमारे १०२० |
| ४ मी./से. आडव्या वाऱ्यात ३०० मी. वर विचलन (सेंमी.) | १९ | २७ |
| ४ मी./से. आडव्या वाऱ्यात ५०० मी. वर विचलन (सेंमी.) | ५६ | ८३ |

या तक्त्यातील एक गोष्ट नीट पाहा. ५०० मीटरवर ख गोळी क्षणभर आधी पोहोचते, तरीही वारा तिला अधिक ढकलतो. ‘जो जास्त वेळ हवेत, तो जास्त वाहतो’ हा आपला सहज समज येथे खोटा ठरतो.

कारण असे: विचलन एकूण वेळेवर अवलंबून नसते. निर्वात पोकळीत लागला असता त्याहून जितका वेळ अधिक लागतो, त्या *विलंबावर* ते अवलंबून असते. सूत्र असे:

विचलन = वाऱ्याचा आडवा वेग × (प्रत्यक्ष वेळ − अंतर ÷ सुरुवातीचा वेग)

क गोळीसाठी ५०० मीटरवर विलंब ०.७५० − ०.६१० = ०.१४० सेकंद. ख गोळीसाठी ०.७३९ − ०.५३२ = ०.२०७ सेकंद. दोन्हींना ४ ने गुणून तक्त्यातील आकडे पडताळून पाहा.

गुरुत्वाकर्षणामुळे होणारी घसरण अंतर कळले की काढता येते, कारण गुरुत्वाकर्षण बदलत नाही. वारा मात्र क्षणाक्षणाला आणि जागोजागी बदलतो. म्हणून लांब पल्ल्यासाठी गोळी निवडताना बॅलिस्टिक गुणांकाचा खरा उपयोग होतो तो वाऱ्याचा अंदाज चुकण्याची किंमत कमी करण्यासाठी.

हवामानाचा परिणाम. जबलपुरात जानेवारीची पहाट १० अंशांवर आणि मे महिन्यातील दुपार ४५ अंशांवर आहे असे समजा. दाब तोच राहिला, तर हवेची घनता निरपेक्ष तापमानाच्या व्यस्त प्रमाणात असते. ३१८ ÷ २८३ = १.१२. म्हणजे थंडीतली हवा सुमारे १२ टक्के दाट. हिवाळ्यात क गोळीची वेगऱ्हास लांबी १२५० मीटर असेल, तर उन्हाळ्यात ती सुमारे १४०० मीटर होईल आणि ५०० मीटरवरील वेग ५५० ऐवजी ५७४ मी./से. भरेल. चाचणीचे आकडे तापमान आणि दाब नोंदवल्याशिवाय निरर्थक का ठरतात, ते यावरून समजते.

६. नळीचा पीळ आणि गोळीची लांबी

लांब गोळी नुसती फेकली तर हवेत कोलमडते. नळीतील पिळदार चर तिला स्वतःभोवती फिरवतात आणि भोवऱ्याप्रमाणे ती स्थिर राहते. गोळी जितकी लांब, तितका पीळ घट्ट लागतो. आल्फ्रेड जॉर्ज ग्रीनहिल या गणितज्ञाने १८७९ मध्ये यासाठी दिलेले सूत्र आजही पहिल्या अंदाजासाठी वापरतात:

एका फेऱ्यास लागणारी लांबी = १५० × व्यासाचा वर्ग ÷ गोळीची लांबी

*उदाहरण ३.* व्यास ७.८२ मिमी., शिशाच्या गाभ्याच्या गोळीची लांबी ३२ मिमी. उत्तर येते सुमारे २८७ मिमी. आता तेवढ्याच वस्तुमानाची संपूर्ण तांब्याची गोळी घ्या. तांबे शिशाहून हलके, म्हणून ती लांब होणार. ती ३६ मिमी. धरा. सूत्राने २५५ मिमी. येतात, आणि तांब्याच्या कमी घनतेची दुरुस्ती लावली की सुमारे २३० मिमी.

रायफलीचा पीळ २५४ मिमी.ला एक फेरा असा असेल, तर पहिली गोळी स्थिर राहील, दुसरीबद्दल मात्र शंका घ्यावी लागेल. बॅलिस्टिक गुणांक पाहून गोळी आणली आणि नळीने ती पेललीच नाही, असे यामुळेच होते. खास घडवलेल्या गोळ्यांच्या वर्णनात किमान पीळ दिलेला असतो. तो सर्वांत आधी वाचावा.

७. लक्ष्यात शिरल्यावर

येथे लष्करी आणि शिकारी गोळीचे मार्ग पूर्ण वेगळे होतात. १८९० च्या दशकात कलकत्त्याजवळच्या डमडम येथील लष्करी कारखान्यात टोकाशी शिसे उघडे ठेवलेली, शरीरात फुलणारी गोळी तयार झाली आणि ‘डमडम’ हा शब्द जगभर गेला. १८९९ च्या हेग घोषणेने युद्धात अशा गोळ्यांना मनाई केली. म्हणून सैन्याच्या रायफलीची गोळी संपूर्ण आवरणाची असते.

शिकारीत नीतीचा निकष उलटा लागतो. आवरणाची गोळी आरपार अरुंद भोक पाडून निघून जाते आणि जनावर जखमी अवस्थेत मैलोन् मैल भटकते. फुलणारी गोळी आपली ऊर्जा शरीरात टाकते आणि मृत्यू लवकर येतो. म्हणूनच ज्या देशांत मोठ्या जनावरांची शिकार चालते, तिथे अनेक ठिकाणी फुलणारीच गोळी वापरण्याचे बंधन आहे.

फुलण्याचे मुख्य प्रकार असे:

- साधी मऊ टोकाची गोळी. पातळ तांब्याचे आवरण, आत शिसे. कमी वेगातही फुलते. जवळून अतिवेगाने लागली तर फुटून विखुरते.
- विभाजित गाभ्याची गोळी. मध्ये धातूची आडवी भिंत. पुढचा भाग फुलतो, मागचा अखंड राहून खोल जातो. अमेरिकेतील जॉन नॉस्लर याने १९४० च्या दशकात मूस या दणकट हरणावर साध्या गोळ्या निकामी ठरल्यावर ही रचना आणली.
- बाँडेड गोळी. शिसे आणि आवरण एकमेकांना पक्के जोडलेले, त्यामुळे वस्तुमान टिकते.
- एकसंध तांब्याची गोळी. टोकाशी पोकळी, फुलल्यावर पाकळ्या होतात. वस्तुमान जवळजवळ सगळे टिकते, पण फुलण्यासाठी वेग जास्त लागतो.

तांब्याच्या बाजूने आणखी एक कारण आहे. शिशाचे बारीक कण जनावराच्या अवशेषांत राहतात आणि ते खाणाऱ्या गिधाडांना विषबाधा होते. काँडोर या दुर्मिळ गिधाडाच्या रक्षणासाठी कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या दारूगोळ्यावर संपूर्ण बंदी घातली.

८. पल्ला कोण ठरवतो?

प्रत्येक फुलणाऱ्या गोळीला एक किमान आघातवेग असतो. त्याखाली ती फुलत नाही आणि आवरणाच्या गोळीसारखी वागते. हा आकडा उत्पादक देतो. आपण तो ६०० मी./से. धरू. वर घेतलेल्या प्रतिमानावरून:

कमाल अंतर = वेगऱ्हास लांबी × (सुरुवातीचा वेग ÷ किमान वेग) याचा नैसर्गिक लॉग

क साठी: १२५० × लॉग (८२० ÷ ६००) = सुमारे ३९० मी.
ख साठी: ८०० × लॉग (९४० ÷ ६००) = सुमारे ३६० मी.

नेमबाज ८०० मीटरवर थाळी फोडत असेल, तरी या गोळ्यांनी त्याने ४०० मीटरवर जनावरावर नेम धरू नये. थाळीला लागणे आणि जनावराला तत्काळ मृत्यू देणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

आता क गोळीसाठी ३९० मीटरवर चुकीचे गणित मांडू. हरणाएवढ्या जनावराचा मर्मभाग सुमारे २० सेंमी. व्यासाचा धरा. म्हणजे मध्यापासून १० सेंमी. इतकीच चूक चालेल. वाऱ्याचा अंदाज १ मी./से.ने चुकला तर गोळी सुमारे ८ सेंमी. सरकते. गवत किंचित हलते की जरा जास्त, एवढाच हा फरक. त्यात रायफलीचा स्वतःचा विखार मिळवा: एक कोनीय मिनिट म्हणजे या अंतरावर सुमारे ११ सेंमी.चा घेर. उड्डाणाला अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ लागतो, आणि तेवढ्यात जनावर एक पाऊल टाकू शकते. शेवटच्या अडचणीवर जगातली कोणतीही गोळी उपाय नाही. जवळ जाणे हाच उपाय.

९. ‘खास घडवलेली’ गोळी नेमके काय देते?

तिचा मोठा लाभ एकसारखेपणात असतो. वस्तुमान, लांबी आणि गुरुत्वमध्य यांत गोळी-गोळीत फरक कमी असतो. ५०० मीटरवर क गोळी गुरुत्वाकर्षणाने सुमारे २.४ मीटर खाली येते. सुरुवातीचा वेग १० मी./से.ने कमी पडला, तर ही घसरण आणखी ६ ते ७ सेंमी.नी वाढते. म्हणून खमरियासारख्या ठिकाणी प्रत्येक खेपेतून नमुने काढून वेग आणि विखार तपासणे जितके आवश्यक, तितकेच ते छोट्या कार्यशाळेतल्या गोळीसाठीही आवश्यक. नावाला ‘खास’ असलेल्या गोळीचे मोजमाप उपलब्ध नसेल, तर कारखान्यातील तपासलेली गोळी केव्हाही बरी.

१०. निवडीचा क्रम

१. प्राणी कोणता आणि कायदा काय म्हणतो.
२. त्या भूमीवर जास्तीत जास्त अंतर किती.
३. त्या अंतरावर वेग किती उरतो, आणि तो फुलण्याच्या किमान वेगाहून पुरेसा वर आहे का. जवळच्या अंतरावर तो कमाल मर्यादा ओलांडत नाही ना.
४. प्राण्याच्या आकारमानानुसार रचना कोणती.
५. नळीचा पीळ त्या लांबीला पुरतो का.
६. उरलेल्या गोळ्यांत बॅलिस्टिक गुणांक कोणाचा जास्त.
७. एकसारखेपणाचा पुरावा काय.

बॅलिस्टिक गुणांक सहाव्या क्रमांकावर आहे, हे लक्षात घ्या. जाहिरातीत तो पहिला असतो.

सारांश

लांब पल्ल्यावर जड, लांबट आणि निमुळती गोळी वाऱ्यात कमी वाहते, कारण तिचा विलंब कमी असतो. पण गोळीचा योग्य पल्ला ठरतो तो आघाताच्या वेळी उरलेल्या वेगाने. पीळ, रचना आणि वेग यांची कसोटी आधी लागते, गुणांकाची नंतर.

स्वाध्याय

१. ख गोळीसाठी ३६० मीटरवर ३ मी./से. आडव्या वाऱ्यात विचलन काढा.
२. १२ बोअरच्या वाटोळ्या गोळीची छेदघनता काढा आणि १४ बोअरशी तुलना करा.
३. किमान आघातवेग ५५० मी./से. असलेल्या गोळीचा पल्ला क आणि ख या दोन्हींसाठी किती वाढतो? कोणाचा अधिक वाढतो, आणि का?
४. युद्धात निषिद्ध असलेली गोळी शिकारीत अनेक ठिकाणी बंधनकारक आहे. या विसंगतीमागील नैतिक भूमिका दहा ओळींत मांडा.